‘पाइप डाउन’ : एका इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ व उपयोग
(केंद्र संमेलनातील भाषण)



इंग्रजीच्या पाठात ‘पाइप डाउन’ हे दोन शब्द आले, तर आपला विद्यार्थी त्यांचा काय अर्थ करील? पाइप त्याने शेतात पाणी देताना हाताळलेला असतो. ‘नळी खाली ठेव’ असाच अर्थ तो करील. आणि दोन्ही शब्द कोशात पाहूनच केला असल्यामुळे आपले कोठे चुकले, हे त्यास कळणार नाही. वस्तुतः त्याचा अर्थ ‘गलका थांबवा, गप्प बसा’ असा आहे.

हा अर्थ आला कोठून? शिडाच्या जहाजांच्या काळी ब्रिटिश आरमारात वाऱ्याच्या व लाटांच्या आवाजात तोंडी हुकूम विरून जाई. म्हणून, आपल्याकडील खलाशी ज्यास सारंग म्हणतात, तो अधिकारी धातूची लहानशी, तीव्र स्वराची शिट्टी वाजवून हुकूम देई. तिलाच पाइप म्हणत. हुकमाहुकमाचे सूर ठरलेले असत. दिवसाच्या अखेरची शिट्टी म्हणजे ‘पाइप डाउन’. ती झाली की खलाशांनी खाली निजावयास जावे, दिवे मालवावेत व शांत राहावे. पुढे हे शब्द किनाऱ्यावरील घरांत आले. शिट्टी मागे राहिली आणि शांततेचा अर्थ तेवढा उरला.

आपला ‘गाशा गुंडाळणे’ हा वाक्प्रचार पाहा. गाशा म्हणजे खोगिरावरील आच्छादन. स्वारांचे दिवस गेले, गाशा कोणी पाहिलेला नाही; तरी निघून जाणे हा अर्थ सर्वांना कळतो. वर्गात हे उदाहरण आधी द्यावे, म्हणजे शब्दशः भाषांतर का फसते, हे मुले स्वतःच सांगतील.

आता उपयोगाविषयी. हा प्रयोग घरगुती व किंचित दरडावणीचा आहे. आई दंगा करणाऱ्या मुलांस, मित्र मित्रास असे म्हणेल. वडीलधाऱ्यांस वा पाहुण्यांस असे म्हणणे उद्धटपणाचे होय. तेथे ‘प्लीज बी क्वाएट’ हेच योग्य. अर्थाबरोबर कोणी कोणास म्हणावे, हेही शिकविले पाहिजे.

याच्याच जोडीचा ‘पाइप अप’ म्हणजे इतका वेळ गप्प असलेल्याने एकाएकी बोलू लागणे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तथापि इंग्रजीच्या तासाला पुष्कळ वर्ग शांत असतात. ती शांतता शिस्तीची नसून चुकण्याच्या भीतीची असते. मागच्या रांगेतील एखादी मुलगी अडखळत एक वाक्य बोलली, तर तिची चूक लगेच दुरुस्त करू नये. आधी तिचे वाक्य पुरे होऊ द्यावे. त्या तासाला थोडा गलका झाला तरी चालेल.