अर्धे सरळ, अर्धे कुरळे

नवरात्र आठ-दहा दिवसांवर आले की बडोद्यात घरोघरी चणिया-चोळ्या बाहेर निघतात, आणि कारेलीबागेतील मराठी घरेही त्याला अपवाद नसतात. गायकवाडांच्या ह्या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांत सकाळी घटस्थापना होते आणि रात्री मुली गरब्यालाही जातात. अशाच एखाद्या घरातील सतरा-अठरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणावी. केस दाट आणि कुरळे. पार्लरमध्ये जाऊन ते सरळ करून घ्यायचे तर खर्च फार. म्हणून तिने बाजारातून केस सरळ करण्याच्या मलमाचा डबा आणला आणि आई कामावर गेलेली असताना दुपारी मैत्रिणीच्या मदतीने ते लावले. संध्याकाळी केस धुऊन वाळवले, तेव्हा कपाळावरचे केस काडीसारखे सरळ, कानशिलांजवळचे वाळल्या गवतासारखे कोरडे, आणि मागचे जवळजवळ पूर्वीइतकेच कुरळे!

"आजी, डब्यात अर्धं मलम उरलंय. पुन्हा एकदा लावते, म्हणजे सगळे सारखे होतील."

"अगं, पोळी एका बाजूनं कच्ची राहिली, म्हणून करपलेली बाजू पुन्हा तव्यावर टाकतात का?"

आजीला रसायनशास्त्र ठाऊक नाही. परंतु तिचे म्हणणे त्या शास्त्राला सर्वस्वी धरून आहे. ते कसे, हे समजून घेतल्यावाचून पुढचा उपाय सुचणार नाही.

केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. ह्या प्रथिनाच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना गंधकाच्या दुव्यांनी जोडलेल्या असतात, आणि केसाचा आकार टिकून राहतो तो मुख्यतः ह्या दुव्यांमुळे. पाण्याने किंवा गरम इस्त्रीने केस सरळ होतात ते तात्पुरते; कारण त्याने गंधकाच्या दुव्यांना धक्का लागत नाही, त्याहून दुर्बळ असे दुवे तेवढे सुटतात आणि पुन्हा जुळतात. कायमचा फरक करायचा तर गंधकाचे दुवेच तोडावे लागतात. ते तोडणाऱ्या औषधांच्या दोन जाती आहेत. एक थायोग्लायकोलेटची. आपल्याकडे पार्लरमध्ये ज्याला रिबाँडिंग म्हणतात त्यात बहुधा हीच जात असते. आधी दुवे तोडायचे, मग इस्त्रीने केस सरळ दाबायचे आणि शेवटी न्यूट्रलायझरने ते दुवे नव्या जागी जुळवायचे. गंमत अशी की, १९४० च्या आसपासपासून पाश्चात्त्य स्त्रिया ह्याच द्रव्याने आपले सरळ केस कुरळे करून घेत आल्या आहेत! दुसरी जात तीव्र अल्कलीची, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड किंवा तत्सम द्रव्यांची. अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये तिचा वापर मोठा. ह्या प्रकारात तुटलेला दुवा पूर्वीसारखा जुळत नाही. त्याच्या जागी निराळाच, कायमचा सांधा तयार होतो.

औषध कोणत्याही जातीचे असो, जे दुवे एकदा तुटले त्या केसावर ते दुसऱ्यांदा घातले की उरलेसुरले दुवेही तुटू लागतात. केस त्याने अधिक सरळ होत नाही. तो कमकुवत होतो आणि तुटतो. शिवाय त्वचेवरची जखम भरून येते, तसे केसाचे नाही. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. तो स्वतःला दुरुस्त करू शकत नाही. आणि पहिल्या जातीचे औषध लावलेल्या केसांवर दुसऱ्या जातीचे लावणे हा तर प्रमादच होय. झुबक्याने केस हातात येण्याचा तो सरळ रस्ता. म्हणून रिकामा झाला तरी तो डबा फेकून देऊ नये. त्यावरील घटकद्रव्यांची नावे पुढे ज्याच्या हाती केस सोपवायचे त्याला दाखवावी लागतात.

घरी केलेले काम असे विषम का होते? पहिले कारण वेळेचे. मलम लावायला आरंभ केला त्या भागावर ते चाळीस मिनिटे राहते आणि शेवटच्या भागावर वीसच. मग धुणे मात्र एकदमच. दुसरे कारण असे की, कानशिलांजवळचे केस बारीक असतात, ते औषध लवकर घेतात. मागचे दाट असतात, आणि तेथे जाड बटा घेतल्या तर मलम आतपर्यंत पोचतच नाही. तिसरे कारण मेंदी आणि कलप. मेंदीचा रंग केराटिनला चिकटून बसतो. तिचे थर चढलेला केस आणि नुकता उगवलेला केस औषधाला सारखी दाद देत नाहीत. काही कलपांत धातूंचे क्षार असतात, त्यांचा न्यूट्रलायझरशी संबंध येऊन केस तापून खराब होण्याचाही धोका असतो.

आता उपाय. पहिले दोन-तीन आठवडे औषध नाही, इस्त्री नाही. केस सौम्य शांपूने धुवावे, कंडिशनर लावावे आणि वाऱ्यावर वाळू द्यावे. विषमता खरोखर किती आहे ते तेव्हाच कळते. मग प्रत्येक भागातला एकेक ओला केस दोन बोटांत धरून हलकेच ताणावा. निरोगी ओला केस थोडा लांबतो आणि सोडला की मूळ जागी येतो. जो रबरासारखा लांबतच जातो व परत येत नाही, किंवा ताणताच तुटतो, त्या केसाला पुन्हा औषध लावण्याचा विचारही करू नये.

मागचे कुरळे राहिलेले केस ह्या परीक्षेत उतरले, टाळूवर ओरखडा वा आग नसली, तर तेवढ्याच भागावर त्याच जातीचे औषध पुन्हा लावता येते. आधी एका बटेवर प्रयोग करून पाहावा, सरळ झालेल्या केसांना कंडिशनरचा जाड लेप द्यावा आणि घड्याळ समोर ठेवावे. पण हे घरी करावे काय? स्वतःच्या हाताने, आरशात पाठमोरे पाहून, मुळीच नाही. हे जाणत्या हाताचेच काम आहे, आणि पार्लरच्या बेनकडे जाऊन "बेन, घरी हे हे लावलं होतं" असे स्वच्छ सांगण्यात लाज मानण्याचे कारण नाही. लपवाछपवी केली तर तिचाही अंदाज चुकेल.

तोपर्यंत गरब्याचे काय? येथे उलटा मार्ग उपयोगी पडतो. कुरळे राहिलेले केस सरळ करण्याऐवजी सरळ झालेलेच नागमोडी करावे. रात्री किंचित ओलसर केसांच्या सैल तीनपेडी वेण्या घालून झोपावे आणि सकाळी पूर्ण वाळल्यावर त्या सोडाव्या. पुढचे-मागचे केस बरेचसे एकसारखे दिसतात. घाम आला की हे वळण मोडते हे खरे. पण मग खोपा किंवा अंबाडा आहेच. मराठी बायकांना केस बांधण्याची कला कोणी शिकवायला नको. आणि कुरळे केस हा दोष आहे, असे आपल्या आज्या-पणज्यांनी कधी म्हटलेले नाही. त्या तर त्यांचे कौतुकच करीत.

धुण्यापूर्वी खोबरेल तेल लावण्याच्या जुन्या रीतीला आधार आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल ह्यांपैकी खोबरेलानेच केसातील प्रथिनाची झीज कमी झालेली आढळली. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे ध्यानात ठेवावे. तरी तेलाने तुटलेला दुवा जुळतो असा दावा त्यातही नाही.

निराश झालेल्या मुलीला "हे लाव, ह्यात तीव्र औषध नाही" असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यापासून जपावे. केस सरळ करण्याच्या काही द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मॅल्डिहाइड वायू निघतो, आणि तो कर्करोगकारक आहे. त्याऐवजी आलेल्या ग्लायऑक्सिलिक आम्लाची कथाही चांगली नाही. २०२४ साली फ्रान्समधील डॉक्टरांनी एका सव्वीस वर्षांच्या तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. २०२०, २०२१ आणि २०२२ अशी तीन वेळा तिने केस सरळ करून घेतले, आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. अमेरिकेत तेहतीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत, २०२२ साली, असा अंदाज निघाला की ही द्रव्ये कधीच न वापरणाऱ्यांपैकी सुमारे १.६ टक्के स्त्रियांना सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होईल, तर वारंवार वापरणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्के स्त्रियांना. ह्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि एकदा वापरलेल्या मुलीने घाबरून जाण्याचेही कारण नाही. परंतु पुन्हा पुन्हा लावण्याविरुद्ध हे पुरेसे आहे.

शेवटी राहते ती कात्री. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे खांद्यापर्यंतचे केस नव्याने यायला दोन-अडीच वर्षे लागतात. एकदम कापवत नसतील तर दर दोन महिन्यांनी दोन-तीन सेंटिमीटर टोके कापीत जावे. नवा कुरळा केस आणि जुना सरळ केस ह्यांचा जेथे सांधा असतो, तेथेच तो सर्वांत लवकर तुटतो. म्हणून ह्या काळात फणी रुंद दातांची घ्यावी, गुंता टोकांपासून वर सोडवीत जावे, आणि सांध्यापाशी आल्यावर केस बोटांनी धरून मगच फणी फिरवावी.