पोलादी रुळांवरील वेग आणि प्रवाशाची सुरक्षितता
(भाषणाचा मजकूर)



उज्जैन नगरीत क्षिप्रेच्या काठी दरवर्षी कार्तिक मेळा भरतो. माळव्यातील खेड्यापाड्यांतून माणसे येतात, खरेदी होते, आणि संध्याकाळ झाली की सर्वांची पावले आकाशपाळण्यांकडे वळतात. मेळा संपला की तोच लोखंडी सांगाडा सुटा होतो, मालमोटारीवर चढतो आणि पुढच्या गावी पुन्हा उभा राहतो. लोखंडाच्या या खेळण्याचे अत्यंत प्रगत रूप म्हणजे पोलादी रोलर कोस्टर. दोहोंमध्ये खर्चाचे अंतर प्रचंड आहे, आणि चालविणारे बलही वेगळे आहे: आकाशपाळणा इंजिनाच्या जोरावर फिरतो, तर रोलर कोस्टरला चालविते ते गुरुत्वाकर्षण.

या विषयाचा विचार उज्जैनपासून सुरू करणे अप्रस्तुत ठरू नये. भारतीय ज्योतिषाने आपली मध्यरेषा याच नगरीतून कल्पिली. सवाई जयसिंहाने येथे वेधशाळा उभारली आणि १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत तिचा जीर्णोद्धार झाला. परंपरेने उज्जैनच्या ज्योतिषपीठाशी जोडल्या गेलेल्या भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. पृथ्वी आकाशातील जड वस्तू स्वतःकडे ओढते, हा विचार त्यात स्पष्टपणे मांडलेला आहे. त्याच ग्रंथात पाऱ्याने अर्धवट भरलेल्या पोकळ आऱ्यांच्या, आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचेही वर्णन आहे. असे चाक प्रत्यक्षात अखंड फिरू शकत नाही. घर्षण आपला वाटा घेतल्याशिवाय राहत नाही. रोलर कोस्टरची सारी रचना या एका मर्यादेवर बेतलेली असते.

साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते. तेथून पुढे बहुतेक गाड्यांना इंजिन नसते. चढावर साठविलेली स्थितिज ऊर्जा उतारावर गतिज होते, आणि प्रत्येक वळणावर तिचा काही अंश चाके व वारा यांत खर्ची पडतो. म्हणून अशा गाडीच्या मार्गातील पुढची शिखरे पहिल्यापेक्षा कमी उंचीची ठेवावी लागतात. चाळीस मीटरांवरून खाली आलेल्या गाडीचा वेग, घर्षण वगळल्यास, ताशी सुमारे १०० किलोमीटर भरतो. आश्चर्य असे की, प्रवाशांच्या वजनाने या वेगात तत्त्वतः फरक पडत नाही.

उलट्या फेऱ्याचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. अमेरिकेतील कोनी आयलंड येथे १८९५ मध्ये शुद्ध वर्तुळाकार फेरा असलेली गाडी सुरू झाली आणि प्रवाशांच्या माना दुखावू लागल्या. कारण गणितात होते. वर्तुळाच्या माथ्यावर गाडी जेमतेम टिकेल एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी प्रवाशाला आपले वजन सहापट जाणवते. यावर उपाय म्हणून माथ्याशी लहान आणि तळाशी मोठी त्रिज्या असलेला, पाण्याच्या थेंबासारखा आकार पुढे आला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात जर्मन निर्माते अँटन श्वार्झकॉफ यांच्या गाडीत तो यशस्वी ठरला. लाकडाला अशी वक्रता पेलणे अवघड होते. १९५९ मध्ये डिस्नेलँडच्या मॅटरहॉर्न गाडीसाठी पोलादी नळीचा रूळ वापरला गेला, तेव्हाच ही वाट मोकळी झाली होती.

महाराष्ट्रात गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले. २०१३ मध्ये रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ ॲडलॅब्ज इमॅजिका उघडले, आणि तेथे ‘नायट्रो’ ही स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड माबियार या कंपनीची गाडी उभी राहिली. तिची उंची सुमारे ४० मीटर असून पाच ठिकाणी प्रवासी उलटे होतात. गाडीला तळ नाही. पाय अधांतरी लोंबतात. पाहणाऱ्याला हे अविचाराचे वाटेल, परंतु अशा गाडीची चाके रुळाला तिन्ही बाजूंनी धरून असतात. एक संच वर, एक बाजूला आणि एक रुळाखाली. खालच्या चाकांची कल्पना अमेरिकन अभियंता जॉन मिलर यांची, १९१९ च्या सुमाराची. चढावर ऐकू येणारी टक्‌टक् हीदेखील करमणुकीसाठी नसते. साखळी तुटल्यास गाडी मागे घसरू नये म्हणून बसविलेल्या खटक्यांचा तो आवाज आहे. रेल्वेप्रमाणेच मार्गाचे टप्पे पाडलेले असतात, आणि पुढचा टप्पा मोकळा झाल्याविना मागची गाडी सोडली जात नाही.

यंत्राची ही बाजू भक्कम आहे. चिंता आहे ती दुसऱ्याच जागी.

१४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादेत कांकरिया तलावाजवळील उद्यानात लंबकासारखा झुलणारा एक पाळणा मोडून कोसळला. दोघे दगावले, कित्येक जखमी झाले. अशा पाळण्याच्या दांड्यावरील ताण प्रत्येक झोक्याला दिशा बदलतो. एकाच जागी तार पुनःपुन्हा वाकविली की ती तुटते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पोलादाचा थकवा तो हाच. भार मर्यादेत असला तरी हजारो फेऱ्यांनंतर जोडाच्या कडेला केसाएवढी भेग पडते. तिच्यावर रंगाचा हात फिरला म्हणजे ती डोळ्याला दिसत नाही. म्हणूनच महत्त्वाच्या जोडांची तपासणी श्राव्यातीत लहरींनी किंवा रंगद्रव्य झिरपवून करावी लागते. खोपोलीसारख्या स्थायी उद्यानात, जेथे पावसाळ्यात कोकणचा पाऊस महिनोन्‌महिने रुळांवर कोसळतो, तेथे गंजाचीही भर पडते.

जत्रेतील पाळण्यांचा प्रश्न याहून कठीण आहे. त्यांचे बोल्ट वर्षातून कितीतरी वेळा काढले आणि बसविले जातात. एक बोल्ट हरवला की गावच्या दुकानातून दुसरा आणला जातो. जाडी तीच, पण पोलादाची प्रत तीच असेलच असे नाही. पायाखाली काँक्रीट नसते, नदीकाठची भुसभुशीत माती असते आणि तिच्यावर लाकडी ठोकळे. यंत्र चालविणारा तरुण संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत एकाच कळीशी उभा असतो. त्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्या जागी दुसरा माणूस वेळेवर पाठविणे मात्र क्वचितच घडते.

महाराष्ट्रात सार्वजनिक करमणुकीच्या जागांचे नियमन महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खालील नियमांनी होते. परवान्याच्या कागदासाठी धावपळ सर्वत्र होते. खरी उणीव वेळेची आहे. जागेचा लिलाव उशिरा, उभारणी घाईत, आणि तपासणी उद्घाटनाच्या दिवशी, लोक रांगेत उभे असताना! अशा वेळी पाळणा थांबवा असे सांगण्यास अधिकाऱ्याला केवढे धैर्य लागते, हे या सभेत वेगळे सांगावयास नको. यास्तव जागेचा ताबा आणि पहिली फेरी यांच्यामध्ये मोकळे दिवस करारातच राखून ठेवावेत. त्या दिवसांत वाळूच्या पिशव्या आसनांवर बांधून रिकाम्या फेऱ्या घ्याव्यात, बोल्ट पुन्हा आवळावेत आणि ठोकळे किती खचले ते मोजावे.

नाशिकचा सिंहस्थ २०२६-२७ चा आणि उज्जैनचा २०२८ चा. गोदाकाठी व क्षिप्राकाठी त्या काळात जी गर्दी लोटेल, तिच्यासोबत पाळणेही येतील. मैदानांचे आराखडे आखताना पाळण्यांसाठी टणक जमीन, चोहोबाजूंना कठडा आणि रुग्णवाहिकेला पोचता येईल असा रस्ता, एवढे नकाशावर आधीच दाखविले गेले, तर उभारणीच्या दिवशी मैदानावर वाद घालण्याची वेळ येणार नाही.