श्रवणाचा हक्क

(ओझर, तालुका जुन्नर, येथील परिसरातील बौद्ध तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या भाषेत ‘कानठळ्या बसणे’ असा एक वाक्प्रचार आहे. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी तो आपण हसत हसत वापरतो. कानांना दडे बसलेले असतात, आत शीळ वाजावी तसा नाद चाललेला असतो, समोरच्याचे बोलणे दुरून आल्यासारखे वाटते. दोन दिवसांत हे ओसरले म्हणजे आपण ते विसरून जातो. परंतु ही विसरण्याजोगी गोष्ट नव्हे, हेच मला आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम शरीराचे शास्त्र पाहू. कानाच्या आत, शंखासारख्या वेटोळ्या नलिकेत, सूक्ष्म केस असलेल्या पेशी असतात. एका कानात सुमारे १५,००० असतात. ध्वनीची लहर आली म्हणजे ते केस लवतात आणि मेंदूकडे संदेश जातो. वाऱ्याने गवत लवावे आणि पुन्हा उभे राहावे, तद्वतच हे आहे. परंतु प्रचंड ध्वनी हा वारा नव्हे. ते गवत तुडवीत जाणारे खिल्लार आहे. एकदा तुडविलेले गवत कदाचित उठेल. पुनःपुन्हा तुडविलेले मरेल. आणि माणसाच्या कानात हे गवत दुसऱ्यांदा उगवत नाही. श्रवणयंत्र आवाज मोठा करते. मेलेली पेशी ते जिवंत करीत नाही.

ध्वनी डेसिबलमध्ये मोजतात. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून तो सोसण्याचा काळ निम्मा होतो. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाचे ८ तास, ही कामगारांसाठी शास्त्रज्ञांनी सुचविलेली मर्यादा आहे. त्याच हिशेबाने १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे उरतात. ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे तासन् तास नाचणाऱ्याने हा हिशेब स्वतःच करून पाहावा.

हे बहिरेपण चोरपावलांनी येते. प्रथम उंच स्वर जातात. मग ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी अक्षरे पुसट होतात. माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द समजत नाही. वर्गात मागे बसलेल्या मुलाचे असे झाले तर त्याला कोणी बहिरा म्हणत नाही, ‘ढ’ म्हणतात. शिक्षणावाचून ज्यांना दुसरा आधार नाही, त्यांच्या घरात ही हानी किती मोठी आहे, हे निराळे सांगावयास हवे काय?

आता विचारा, आवाजाच्या अगदी जवळ कोण उभा असतो? ओझरशेजारचे नारायणगाव तमाशाचे माहेरघर आहे. जत्रांच्या हंगामात फडांच्या राहुट्या तेथे पडतात. विठाबाई नारायणगावकरांसारख्या थोर कलावतीचे नाव त्या गावाशी जोडलेले आहे. ढोलकी आणि हलगी वाजविणारे हात बहुतेक कोणत्या समाजांतून आले, ते आपण जाणतोच. गावोगाव देवाच्या जत्रेत वाजविण्याचे काम महार-मांगांवर लादले गेले होते. तो मान नव्हता, ती वेठ होती. ती वेठ आपण टाकून दिली. परंतु आज ध्वनिवर्धकांच्या पेट्या गाडीवर चढविणारा, रात्रभर जनित्राजवळ बसणारा, बँडमध्ये पोटासाठी ताशा बडविणारा तरुण कोण आहे? बहुतेकदा तो गरिबाचाच मुलगा असतो. कारखान्यातील गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणास कामगार कायद्यांनी व्यवसायजन्य रोग मानले आहे. पण रोजंदारीवर मिरवणुकीत राबणाऱ्या मुलाला कारखाना नाही, हजेरीपट नाही आणि भरपाईही नाही. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात श्रवणदोषासाठी दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची हानी सांगितली आहे. आवाजाने झालेली हानी पुष्कळदा त्याहून कमी भरते. म्हणजे शब्द हरवले तरी प्रमाणपत्र मिळत नाही.

याच जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या आहेत व प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. त्या आकाशातील अत्यंत क्षीण रेडिओलहरी टिपतात. त्या लहरी म्हणजे ध्वनी नव्हे. परंतु मानवनिर्मित लहरींचा कल्लोळ असेल तर त्याही बुडून जातात. म्हणून अशा कल्लोळापासून मुक्त प्रदेश शोधताना ही जागा निवडली गेली. दूरच्या ताऱ्याचा संदेश बुडू नये म्हणून देश एवढी काळजी घेतो, हे योग्यच आहे. मग पाळण्यातल्या लेकराच्या कानासाठी तेवढी काळजी आपण का घेऊ नये?

कायदा आपल्या बाजूस आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. सणांसाठी सरकारला मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, तीही वर्षात १५ दिवसांहून अधिक नाही. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र ठरविता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले की, बोलण्याचे स्वातंत्र्य म्हणजे दुसऱ्याला बळेच श्रोता करण्याचा अधिकार नव्हे. शांततेत जगणे हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. त्या खटल्यामागे १९९८ सालच्या जानेवारीतील एक दारुण बातमी होती. तेरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. शेजारी ध्वनिवर्धकावर कर्कश गाणी चालली होती, म्हणून तिचा आक्रोश कोणास ऐकू गेला नाही. त्याच सायंकाळी तिने स्वतःस जाळून घेतले. गोंगाट केवळ कान घेत नाही. पीडिताची हाकही गिळतो.

कोणी म्हणेल, गावकीपुढे तक्रार कोण करणार? वस्ती गावाच्या कडेला असते, उद्या पाणी बंद होईल, वाट बंद होईल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाचा २३ जानेवारी २०२५ चा निकाल ध्यानात ठेवा. ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे त्यात म्हटले आहे. तक्रारदाराच्या ओळखीची छाननी न करता पोलिसांनी कारवाई करावी आणि त्याचे नाव उघड करू नये, असेही न्यायालयाने बजावले आहे.

परंतु शेजाऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखविण्यापूर्वी आपले अंगण झाडले पाहिजे. चौदा एप्रिलला आपल्या मिरवणुकीतही त्याच पेट्या, तोच दणदणाट असतो. ज्या महापुरुषाने ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढून मुक्यांना वाणी दिली, त्यांच्या जयंतीला मुलांना बहिरे करावयाचे काय? मुक्याला वाणी मिळाली. ती ऐकणारा कान शाबूत नसेल तर त्या वाणीचे काय होणार?

बुद्धाच्या शिष्याला श्रावक म्हणतात. श्रावक म्हणजे ऐकणारा. धम्म ग्रंथात उतरण्यापूर्वी शतकानुशतके पाठांतराने आणि श्रवणानेच टिकला. लेण्याद्रीच्या चैत्यगृहात दोन हजार वर्षांपूर्वी भिक्षू जमत, तेव्हा तेथे एका माणसाचा साधा आवाज पुरत असे.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. येत्या जयंतीस पेट्यांच्या भिंतीचा खर्च वाचवून त्यातून गावातील शाळेच्या मुलांची कानांची तपासणी करवून घ्या. वादकांना कानात घालावयाच्या दाट बोंड्या द्या. कापसाच्या बोळ्याने फारसा उपयोग होत नाही. लहान मुलांस व गरोदर भगिनींस पेट्यांपासून दूर ठेवा. आणि ज्याला एकाएकी ऐकू येईनासे झाले, त्याला वाट न पाहता त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे न्या. तेथे विलंब म्हणजे कायमची हानी.

हे सर्व आपल्या हातचे आहे. ते आपण करू, आणि मग इतरांस सांगण्याचा अधिकार आपणांस आपोआपच प्राप्त होईल.

जय भीम!