परमुलखातील संसार आणि घरची सुई

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात जुन्नर येथे वाचलेले भाषण)



जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील आपल्या मंडळींपुढे बोलण्याचा मान चिटणिसांनी आम्हां उभयतांस दिला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. हे भाषण आम्ही दोघांनी मिळून लिहिले आहे, वाचणार मात्र एकच आहे. म्हणून यात ‘मी’ कोठेही येणार नाही. कोणते काम कोणी केले हे सांगणे जेथे भाग आहे, तेथे ‘यजमान’ आणि ‘गृहिणी’ हे शब्द आम्ही वापरू. तरीही ऐकताना आपली थोडी फसगत होईल. कारण २०१३ ते २०१९ ही सहा वर्षे आमच्या घरी गृहिणी नोकरीस जात होत्या आणि यजमान चुलीपाशी होते.

परमुलखी जाणे आपणांस नवे नाही. आपल्या ज्ञातीचे भूषण जे नामदेव महाराज, ते पंढरपूर सोडून पंजाबात घुमान येथे जाऊन राहिले आणि त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात स्थान पावली. उलट बाजूने पाहावे तर आपल्या या जुन्नरासही परदेशी माणूस येऊन राहिलेला आहे. भोवतालच्या डोंगरांतील लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. त्यांतील चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघास काय दिले, तर भोजनमंडप! नाणेघाट चढून आलेल्या त्या मनुष्यास येथे पहिल्या दिवशी जेवावयास काय मिळाले असेल, हा विचार आमच्या मनात पूर्वी कधी आला नव्हता. परदेशी राहिल्यानंतर तो वारंवार येऊ लागला.

आता आमची हकीकत. गृहिणी मंचरच्या, रसायनशास्त्र शिकलेल्या. त्यांस जर्मनीच्या नैर्ऋत्येकडील कायझर्सलाउटर्न या गावी संशोधनाची जागा मिळाली. यजमान जुन्नरचे, चाकणच्या एका कारखान्यातील नोकरी सोडून दोन वर्षांच्या कन्येसह मागोमाग गेले. “पुढे बायको, मागे नवरा” असे जे उद्गार त्या वेळी निघाले, ते निघणाऱ्यांपैकी काही मंडळी आज या मंडपात बसली आहेत. त्यांचा आम्हांस राग नाही. आमच्या मनातही तेच होते.

परंतु त्याहून जुनी एक लाज आम्ही बरोबर नेली होती, ती सांगितल्याशिवाय पुढचे समजावयाचे नाही. यजमानांच्या वडिलांचे जुन्नरास शिवणकामाचे दुकान होते. शाळा सुटल्यावर दुकानात बसून काज करणे, बटणे लावणे, तुरपाई करणे ही कामे यजमानांनी वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत केली. पुढे वडिलांनीच हातातील सुई काढून घेतली. “हे तुझ्यासाठी नाही,” असे ते म्हणाले. वसतिगृहात मित्रांचे बटण तुटले तर यजमान सुई धरता येत नसल्याचे भासवीत. आणि लग्नाच्या वेळी आपल्याच संस्थेच्या वधूवर-सूचीच्या अर्जावर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात आम्ही ‘कापडाचे व्यापारी’ असे लिहिले. तो अर्ज आमच्याच हस्ताक्षरात असून दप्तरात अद्याप असेल.

कायझर्सलाउटर्न हे लाखभर वस्तीचे गाव. शिवणयंत्रांत ‘फाफ’ हे नाव ज्यांस ठाऊक आहे, त्या वडीलधाऱ्यांनी कान द्यावा. ते यंत्र याच गावचे. पितळी वाद्ये बनविणाऱ्या गेओर्ग मिशाएल फाफ याने १८६२ साली येथे पहिले यंत्र तयार केले. आम्ही गेलो तेव्हा जुना कारखाना ओस पडला होता आणि त्या जागी नवी वसाहत वसविण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. शिवणकाम टाळून पळालेला मनुष्य शिवणयंत्राच्या गावी जाऊन उतरला, यास दैवाची थट्टाच म्हणावयाची.

प्रथम प्रश्न उभा राहिला तो अन्नाचा. तांदूळ, डाळ, मसाला यांची तिकडे आता वाण नाही. खरी अडचण आपल्या भागाच्या जिनसांची. बाजरी समजून ‘हिर्झ’ नावाचे धान्य आम्ही आणले. ते निघाले आपल्या वरईच्या जातीचे, पिवळे व सोललेले. त्याच्या पिठाची भाकरी परातीतच दुभंगे. पुढे हिंदी वाण्याच्या दुकानी बाजरीचे पीठ मिळाले, तर काचेच्या विजेच्या शेगडीवर भाकरी फुगेना. ज्वाळेशिवाय भाकरी म्हणजे नुसती थापलेली पोळी! अखेर तारेची जाळी मध्ये ठेवून काम भागविले. श्रीखंडाची मात्र तिकडे चैन आहे. ‘क्वार्क’ म्हणून जो ताजा आंबटसर चक्का दुकानात मिळतो, तो रात्रभर फडक्यात टांगला की पुरे. चकलीविषयी आम्ही काही बोलणार नाही.

मासवडीविषयी मात्र बोललेच पाहिजे. जुन्नर-आंबेगावच्या माणसास मासवडी म्हणजे काय हे सांगणे नको. तीळ तुर्की दुकानात मिळतात, सुके खोबरे नाताळच्या फराळासाठी किसून विकावयास असते, परंतु खसखस तिकडे निळसर काळी. ती भाजून सारणात घातली तर सारण शाईसारखे दिसले. चवीस मात्र उणे नव्हते. बेसन रटरटू लागले की थांबावयास वेळ नसतो, आणि ऐन वेळी ध्यानात आले की वडी थापावयास ओले फडके नाही. तान्ह्या मुलांसाठी तिकडे मलमलीचे चौकोनी फडके मिळते, ते घरात कोरे पडले होते; त्यावर पहिली मासवडी वळली गेली. कांदा, लसूण आणि खोबरे भाजल्याचा वास जिन्यात पसरला आणि दारावर टकटक झाली.

खालच्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहत. रविवार हा तिकडे शांततेचा दिवस. भिंतीत खिळा ठोकणे, यंत्राचा आवाज करणे वर्ज्य. त्या दिवशी रविवार होता आणि आमचे वाटणाचे यंत्र गरगरत होते. बाईंनी ते योग्य शब्दांत सांगितले. आम्ही क्षमा मागितली व बशीत चार वड्या घालून दिल्या. नाव विचारले तेव्हा मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितले की नावात मासा आहे, वडीत नाही. त्यावर बाई प्रथमच हसल्या. त्यांच्याकडे खिम्याचा एक लादा भाजून करतात, मध्ये उकडलेले अंडे असते, त्याचे नाव ‘खोटा ससा’! सशाचा त्यात केसही नसतो. पुढल्या आठवड्यात बशी परत आली, ती सफरचंदाचा केक घेऊन आणि दंडावर एक जुना कोट घेऊन. कोटाचे अस्तर उसवले होते. वरच्या बिऱ्हाडातला पुरुष दिवसभर घरी असतो, तेव्हा त्यास दुकानाचा पत्ता ठाऊक असेल, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

यजमानांनी पत्ता सांगितला नाही. कोट ठेवून घेतला. का ठेवून घेतला हे त्यांस आजही सांगता येत नाही. वीस वर्षांनी सुई हाती धरली होती. दोन रात्री बसून अस्तर लावले, तुरपाई केली आणि कोट परत दिला. बाईंनी कोट उलटा करून टाक्यांवर बोट फिरविले आणि एकच शब्द विचारला, “श्नायडर?” म्हणजे शिंपी काय? तरुणपणी त्या स्वतः फाफच्या कारखान्यात कामास होत्या. त्यांस ‘नाही’ म्हणणे शक्यच नव्हते.

या श्नायडर शब्दाविषयी थोडे विषयांतर करू. जर्मनीत सर्वांत अधिक आढळणारी तीन आडनावे म्हणजे म्युलर, श्मिट आणि श्नायडर. गिरणीवाला, लोहार आणि शिंपी. डॉक्टरांच्या पाटीवर श्नायडर, वकिलाच्या पाटीवर श्नायडर. कोणी ते झाकीत नाही. आपण याचा अर्थ वाजवीपेक्षा अधिक काढू नये. तिकडेही तयार कपड्यांनी शिंप्याचे दुकान बसविले आहे, आणि अंगावरचा सदरा बांगलादेशात शिवलेला असतो. पाटीवर श्नायडर लिहिणाऱ्या त्या डॉक्टरांस सुईत दोरा ओवता येत असेल असेही नाही. परंतु ती पाटी वाचताना आम्हांस आमचा अर्ज आठवे.

मुलांच्या बाबतीत त्या देशाची एक रीत आम्हांस फार आवडली. बालवाडीतील मुलांच्या आईबापांस संध्याकाळी बोलावून मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसवितात आणि हातात कात्री-कागद देतात. नोव्हेंबरच्या ११ तारखेस संत मार्टिनचा सण येतो. हा रोमन सैन्यातील शिपाई. थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास त्याने आपला झगा तलवारीने दुभागून अर्धा दिला अशी कथा आहे. (बेतण्याची ही पद्धत आपल्यात मान्य होणार नाही.) त्या दिवशी अंधार पडला की मुले हातात कंदील घेऊन गाणी म्हणत मिरवणुकीने जातात. तो कंदील घरच्यांनी मुलाबरोबर बसून करावयाचा असतो. २०१५ साली योग असा आला की आमचे लक्ष्मीपूजन त्याच दिवशी, ११ नोव्हेंबरलाच होते. यजमानांनी बागेच्या दुकानातून बांबूच्या काठ्या आणल्या, चिरून कामट्या काढल्या आणि अष्टकोनी आकाशकंदील बांधला, झिरमिळ्यांसकट. इतर कंदील पुठ्ठ्याचे व गोल. त्यांत आमचा एक हेलकावे खात चालला होता. वाऱ्याने त्याची एक बाजू वाटेतच फाटली. कन्या रडली नाही. “बाबा शिवतील,” असे तिने शिक्षिकेस सांगितले.

२०१७ साली कन्या शाळेत गेली. शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाच्या हाती त्याच्या छातीपर्यंत येईल एवढा मोठा शंकूच्या आकाराचा पुडा देतात; आत पेन्सिली, खेळणी, खाऊ. तोही पुष्कळ घरी आईबापच बनवितात. तोवर खालच्या बाईंनी आपले जुने काळे फाफ यंत्र आमच्याकडे आणून ठेवले होते, कारण त्यांची दृष्टी मंद झाली होती. त्या यंत्रावर यजमानांनी आजीच्या इरकली लुगड्याच्या काठाचा पुडा शिवला आणि त्याच कापडाचे, हाताने काज केलेले, कन्येसाठी एक लहान जाकीट. आत आम्ही राजगिऱ्याचे लाडू घातले. सोसायटीतील मंडळी मग उसवलेले, आखूड करावयाचे असे काहीबाही आणू लागली. नगरपालिकेत व्यवसायाची रीतसर नोंद केल्यावाचून पैसे घेता येत नाहीत असे कळल्यावर नोंद केली. त्या कागदावर व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिले, हे आपण ओळखालच.

जाकिटाचे छायाचित्र जुन्नरास वडिलांकडे पाठविले. इतके दिवस त्यांस आम्ही काही कळविले नव्हते. मुलगा साहेब आहे असेच ते चारचौघांत सांगत. यजमान फोनजवळ बसून राहिले. वडिलांनी बराच वेळ घेतला आणि विचारले, “काजाच्या दोऱ्याला मेण लावलं होतंस का?” लावले नव्हते. “मग सुटेल,” ते म्हणाले. त्यानंतर दर रविवारी फोनवर शिवणकामाचीच बोलणी होत. बाही बसविताना कापड कोठे सैल सोडावे, अंगुस्तान कोणत्या बोटात घालावे. चौदाव्या वर्षी जे शिकावयाचे राहून गेले, ते आठ हजार मैलांच्या नव्हे तरी चार हजार मैलांच्या अंतरावरून शिकणे चालले होते. हे शिक्षण वर्षभरही टिकले नाही. २०१८ च्या पावसाळ्यात वडील गेले. आम्ही पोहोचलो तो तिसरा दिवस होता. दर्शन झाले नाही.

दुकान उघडले तेव्हा कापड बेतण्याचे टेबल होते, लाकडी पट्टी होती, खडू होते. यंत्र नव्हते. ते दोन वर्षांपूर्वीच मोडीत दिले होते, असे शेजाऱ्यांनी सांगितले. कोणाला हवे असेल असे त्यांना वाटले नाही. आणि आम्ही कधी मागितले नव्हते. पुड्याचे कापड पाठविताना, काजाविषयी बोलतानाही त्यांनी ही गोष्ट काढली नाही.

२०१९ साली गृहिणींचे काम संपले व आम्ही परतलो. खालच्या बाईंनी यंत्र परत घेण्याचे नाकारले. जहाजाने ते येथे आणविण्यास जो खर्च आला, त्यात नवी दोन यंत्रे आली असती. हा हिशेब आम्हांस पुष्कळांनी करून दाखविला आहे. आज ते यंत्र जुन्नरच्या दुकानात, वडिलांच्या जागी उभे आहे. दुकान चालते असे म्हणता येणार नाही. यजमान पुन्हा चाकणला जातात आणि शनिवार-रविवारी यंत्रावर बसतात. कन्या कच्चे टाके घालते, घाईने घालते.

संस्थेपुढे आमचे एकच मागणे आहे. वधूवर-सूचीतील आमचा जुना अर्ज चिटणिसांनी काढून द्यावा. वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आम्हांस दुरुस्त करावयाचा आहे. आता त्याचा कोणास उपयोग नाही हे आम्ही जाणतो.

मंडपामागे बेसन रटरटू लागल्याची वर्दी आली आहे. आज आपणां सर्वांस मासवडी-रस्सा आहे, आणि वड्या थापण्याचे काम आम्ही उभयतांनी अंगावर घेतले आहे. फडकी भिजवून ठेवली आहेत. परंतु माणसे तीनशे आणि आमचे हात चार. पुरुषमंडळींपैकी जी मागील रांगेत बसली आहेत, त्यांनी बाह्या सारून आमच्याबरोबर यावे. सारण गृहिणींनी कालच करून ठेवले आहे. खसखस पांढरी आहे.