इसार परत आला म्हणजे नुकसान भरले का?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापूस विकून, घरातली पोत मोडून आपण शेजारच्या वावराचा इसार देतो. मागून कळते, ते वावर आधीच दुसऱ्याला खरेदी दिले आहे. आपण म्हणतो, कोर्ट सगळे भरून देईल. देत नाही.

१८७२ च्या करार कायद्याचे कलम ७३ सांगते, करार मोडल्यामुळे सरळ झालेले किंवा करार करताना दोघांनाही ठाऊक असलेले नुकसानच मिळेल. त्या पैशासाठी बैलजोडी विकली, पेरणी हुकली, हे समोरच्याला ठाऊक नसेल तर ते आपल्याच माथी. इसारपावतीत दुप्पट दंड लिहिला, तरी कलम ७४ प्रमाणे कोर्ट त्या आकड्याच्या आत, वाजवी तेवढेच देते. हुकूमनाम्यानंतरचे व्याज अशा दाव्यात साधारणपणे सालाना ६ टक्क्यांवर जात नाही. सावकार किती घेतो, ते आपण जाणतोच.

म्हणून आम्ही सांगतो, पैसा कशातून उभा केला आणि जमीन कशासाठी हवी, ते इसारपावतीतच लिहा. आधी सातबारा व फेरफार पाहा, दुय्यम निबंधकाकडे दस्तांचा शोध घ्या. दाव्यात इसाराची परतफेड आणि भरपाई दोन्ही मागा. न मागितलेले मिळत नाही. फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा लावा.

कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती एवढी रक्कम पुन्हा पुन्हा येत नाही. कायदा फार तर पैसे परत देईल, गेलेला हंगाम देणार नाही.