शंकेविना थांबवलेली गाडी

अमेरिकेत लांब पल्ल्याचा प्रवास बहुतांशी मोटारीनेच होतो, आणि राज्याराज्यांना जोडणारे 'इंटरस्टेट' महामार्ग जसे कुटुंबांच्या सहलींचे तसेच अमली पदार्थांच्या चोरट्या वाहतुकीचेही मार्ग असल्यामुळे, या रस्त्यांवर पोलिसांनी कोणाला, कशासाठी आणि किती वेळ अडवावे हा प्रश्न तेथील न्यायालयांपुढे अनेक दशके पुन्हा पुन्हा येत राहिला आहे. या प्रश्नाचे मूळ १७९१ साली अमलात आलेल्या चौथ्या घटनादुरुस्तीत आहे. नागरिकाची व त्याच्या चीजवस्तूंची गैरवाजवी झडती घेण्यास ही दुरुस्ती मनाई करते. घरासाठी हे संरक्षण बरेच भक्कम आहे. मोटारीसाठी मात्र ते पहिल्यापासून पातळ आहे, कारण दारूबंदीच्या काळात, १९२५ साली, तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, मोटार पाहता पाहता हद्दीबाहेर निघून जाऊ शकते आणि म्हणून तीत बेकायदा माल असल्याचे सबळ कारण पोलिसांपाशी असेल, तर दंडाधिकाऱ्याचे वॉरंट न आणताही तिची झडती घेता येते. तेव्हापासून महामार्गावरचा सारा वाद हे सबळ कारण कोठून आणि कसे मिळवायचे याभोवती फिरत आला आहे.

नाकाबंदीचे वैशिष्ट्य असे की, तीत कोणा एकावर संशय नसतो. येणारी प्रत्येक गाडी, किंवा आधी ठरवलेल्या संख्येइतक्या गाड्या, सरसकट थांबवल्या जातात. १९७६ साली कॅलिफोर्नियातील सॅन क्लेमेंटे येथील, मेक्सिकोच्या सीमेपासून सुमारे ६६ मैल आत असलेल्या स्थलांतर तपासणी नाक्याला, आणि १९९० साली मिशिगन राज्यातील मद्यपी चालकांसाठीच्या नाकाबंदीला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. मिशिगनमध्ये १२६ गाड्या थांबवल्या गेल्या होत्या आणि प्रत्येक गाडीचा सरासरी २५ सेकंद खोळंबा झाला होता. सीमेचे रक्षण आणि रस्त्यावरील जीविताची सुरक्षा ही दोन्ही कारणे त्या जागेशी व त्या क्षणाशी थेट निगडित आहेत, असा या मान्यतेमागचा विचार होता.

इंडियाना राज्याच्या राजधानीत, इंडियानापोलिस शहरात, १९९८ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात पोलिसांनी याच्या पुढचे पाऊल टाकले आणि उघडपणे अमली पदार्थांसाठीच सहा वेळा नाकाबंदी केली. पुढे अमली पदार्थांची तपासणी असून श्वानपथक तैनात आहे आणि थांबण्याच्या तयारीने यावे, अशा अर्थाचे प्रकाशित फलक रस्त्यावर लावलेले असत, आणि एकेका ठिकाणी सुमारे तीस पोलीस असत. गाडी थांबली की एक पोलीस चालकाला थांबवण्याचे कारण सांगे, वाहन परवाना व नोंदणीची कागदपत्रे मागे, चालक नशेत आहे का ते त्याच्या चेहऱ्यावरून व बोलण्यावरून पाही, काचेतून आत दिसेल तेवढेच बाहेरून न्याहाळी, आणि तेवढ्या अवधीत एक प्रशिक्षित कुत्रा गाडीभोवती एक फेरी मारी. हे सारे सरासरी दोन-तीन मिनिटांत उरके. एकूण १,१६१ गाड्या थांबवल्या गेल्या आणि १०४ जणांना अटक झाली, त्यांपैकी ५५ जणांना अमली पदार्थांवरून व उरलेल्या ४९ जणांना अन्य कारणांवरून. म्हणजे ज्या कामासाठी नाके उभारले, त्या कामी शंभरातील पाचही गाड्या लागल्या नाहीत, आणि बाकीच्या सर्वांना कुत्र्याच्या पाहणीखाली थांबावे लागले ते केवळ त्या वेळी त्या रस्त्याने चालले होते म्हणून.

अडवल्या गेलेल्या दोन चालकांनी दाद मागितली आणि 'इंडियानापोलिस शहर विरुद्ध एडमंड' या खटल्यात २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने ही नाकाबंदी घटनाबाह्य ठरवली. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी लिहिले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा की, जिचा मुख्य हेतू सर्वसाधारण गुन्ह्यांचा शोध घेणे हाच आहे, अशी संशयविरहित नाकाबंदी एकदा मान्य केली, तर पोलिसांना कोणत्याही गुन्ह्याच्या नावाखाली कोणताही रस्ता रोज अडवता येईल आणि घटनादुरुस्तीला काही अर्थ उरणार नाही. येऊ घातलेला दहशतवादी हल्ला रोखणे किंवा विशिष्ट वाटेने पळणारा धोकादायक गुन्हेगार पकडणे अशा निकडीच्या प्रसंगांसाठी त्यांनी वाट मोकळी ठेवली. मुख्य न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांनी असहमतीच्या मतात म्हटले की, परवाने व मद्यपान तपासणे हेही या नाक्यांवर साधत होते आणि खोळंबा किरकोळ होता, तेव्हा मिशिगनच्या नाक्याहून यात वेगळे काही नाही. हा आक्षेप वजनदार आहे, पण तो स्वीकारला असता तर परवाना पाहण्याचे निमित्त पुढे करून कोणताही शोध कायदेशीर ठरला असता, आणि म्हणून बहुमताचा निर्णयच योग्य म्हणावा लागतो.

या निर्णयामुळे समोरचा दरवाजा बंद झाला, परंतु तीच तपासणी अन्य वाटांनी रस्त्यावर परत आली, आणि लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाची गाठ आज पडते ती मुख्यतः या आडवाटांशी.

पहिली वाट खोट्या फलकाची आहे. पुढे अमली पदार्थांची नाकाबंदी असल्याचा फलक महामार्गावर लावायचा, प्रत्यक्षात पुढे काहीच ठेवायचे नाही, आणि फलक पाहून जो घाईने जवळच्या फाट्याने महामार्ग सोडील किंवा गाडी वळवील त्याच्यावर नजर ठेवायची, अशी ही पद्धत आहे. मिसूरी राज्यात चौरेचाळीस क्रमांकाच्या इंटरस्टेटवर अशा फलकांनंतर लगेच येणाऱ्या, आडवळणी फाट्याच्या टोकाशीच नाका उभारला होता. पेट्रोल वा जेवणाची कसलीच सोय नसलेल्या त्या फाट्यावर परका प्रवासी उतरेल तो लपवण्यासारखे काही असल्यामुळेच, असे त्यामागचे गणित होते. २००२ साली या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात पोलिसांची बाजू उचलून धरली, तर त्याच वर्षी संघराज्याच्या अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की, केवळ फाट्याने बाहेर पडणे हे संशयाला पुरेसे कारण नव्हे, कारण खोळंबा टाळावासा वाटणे किंवा त्या भागात काम असणे यात बेकायदा काही नाही. २०१३ साली ओहायो राज्यातील मेफील्ड हाइट्स या गावाच्या पोलिसांनीही इंटरस्टेटवर असे फलक लावले, तेव्हा त्यावर बरीच टीका झाली. सरकारने स्वतःच्या नावाने रस्त्यावर धडधडीत असत्य लिहावे आणि त्या असत्यावर नागरिक कसा वागला यावरून त्याची परीक्षा करावी, ही गोष्ट पोलिसी कौशल्य म्हणून गौरवण्याजोगी नाही. तिने रस्त्यावरच्या खऱ्या सूचनाफलकांवरचाही विश्वास उडतो.

दुसरी वाट किरकोळ वाहतूक नियमभंगाची आहे आणि ती फार रुंद आहे. १९९६ च्या एका निर्णयानुसार, वाहतुकीचा एखादा नियम खरोखर मोडला गेला असेल, तर पोलिसाच्या मनातला खरा हेतू काय होता हे न्यायालय पाहत नाही. आणि शेकडो मैलांच्या प्रवासात वेग, मार्गिका, दिवा यांपैकी एकही नियम कधीच न मोडणारा चालक विरळा. गाडी अशी थांबवल्यावर कुत्रा आणला, तर तो केवळ हवेतला वास घेतो आणि त्यातून बेकायदा वस्तूखेरीज काही उघड होत नाही, म्हणून ती झडतीच नव्हे, असे २००५ साली इलिनॉयच्या एका खटल्यात ठरले. त्या चालकाला ताशी पासष्ट मैलांच्या मर्यादेत एकाहत्तर मैल वेगाने गेल्याबद्दल अडवले होते. कुत्र्याने खूण दिली की सबळ कारण तयार होते आणि डिकी उघडली जाते. येथे कुत्र्याच्या शिक्षणाचाही प्रश्न येतो. गांजाचा वास ओळखायला शिकवलेल्या कुत्र्याला तो विसरायला लावणे फार कठीण असते, आणि कोलोराडो राज्यात तर प्रौढांना थोडा गांजा बाळगण्याची मुभा आहे. त्यामुळे अशा कुत्र्याची खूण आता गुन्हाच दाखवते असे म्हणता येत नाही आणि त्याचा वापर ही झडतीच होय, असे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली राज्यघटनेच्या आधारे ठरवले.

कुत्रा येईपर्यंत चालकाला किती वेळ थांबवून ठेवता येते, हा मुद्दा २०१५ च्या 'रॉड्रिगेझ विरुद्ध संयुक्त संस्थाने' या खटल्यात निकाली निघाला. नेब्रास्का राज्यात मध्यरात्रीनंतर एक गाडी क्षणभर रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर गेली, म्हणून पोलिसाने ती अडवली, कागदपत्रे तपासली आणि लेखी समजही दिली. त्यानंतर गाडीभोवती कुत्रा फिरवण्याची परवानगी त्याने मागितली, ती चालकाने नाकारली, तेव्हा दुसरा पोलीस येईपर्यंत चालकाला थांबवून ठेवून त्याने कुत्रा फिरवला. समज देण्यापासून कुत्र्याने खूण देईपर्यंत सात-आठ मिनिटे गेली, आणि गाडीत अमली पदार्थ सापडलेही. तरीसुद्धा न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी बहुमताच्या वतीने असा निर्वाळा दिला की, वाहतूक नियमभंगाचे काम संपले की थांबवण्याचा अधिकारही संपतो, आणि वाजवी संशय, म्हणजे ठोस गोष्टींवर आधारलेली शंका, नसेल तर तो अवधी थोडाही वाढवता येत नाही. माल सापडला म्हणून झडती योग्य ठरत नाही, हे तत्त्व लोकमताला नेहमीच पचते असे नाही. ते निर्दोष माणसासाठीच आहे, कारण ज्याच्या गाडीत काही सापडत नाही त्याची तक्रार न्यायालयापर्यंत क्वचितच पोहोचते.

तिसरी वाट संमतीची, आणि तीच सर्वांत जास्त काळजी करण्याजोगी आहे. चालकाने स्वतः होकार दिला तर संशयही लागत नाही आणि सबळ कारणही लागत नाही. शिवाय नकार देण्याचा हक्क आहे हे पोलिसाने सांगितलेच पाहिजे असे नाही, हे १९७३ साली, आणि आता जाण्यास मोकळीक आहे हेही सांगणे बंधनकारक नाही, हे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे. कॅन्झस राज्याच्या महामार्ग पोलिसांत या सवलतीतून एक रीतच निर्माण झाली. पोलीस दंडाची पावती चालकाच्या हाती देऊन निरोप घेतो, आपल्या गाडीच्या दिशेने दोन पावले जातो, मग वळून परत खिडकीशी येतो आणि आणखी दोन प्रश्न विचारू का असे सहज स्वरात विचारतो. कायद्याच्या दृष्टीने पहिली अडवणूक संपलेली असते आणि हे नवे संभाषण ऐच्छिक मानले जाते. कमरेला पिस्तूल असलेला गणवेशातला माणूस खिडकीशी उभा असताना, रात्रीच्या वेळी, परक्या राज्यात, गाडीत मुले झोपलेली असताना, हे संभाषण ऐच्छिक आहे असे चालकाला वाटणे शक्यच नाही. २०२३ साली कॅन्झसमधील संघराज्य न्यायालयाच्या न्यायाधीश कॅथरीन व्रॅटिल यांनी या रीतीवर कठोर ताशेरे ओढून तिने प्रवाशांच्या घटनात्मक हक्कांचा भंग होत असल्याचा निष्कर्ष काढला. त्याआधी २०१६ साली अपील न्यायालयाने याच राज्यातील प्रकरणात सांगितले होते की, गाडीवर कोलोराडोची पाटी आहे किंवा चालक तेथून येत आहे, ही गोष्ट संशयाचा आधार होऊ शकत नाही.

अमेरिकेत नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा विषय जवळून लागू होतो, कारण त्यांतील अनेक जण व्हिसावर आहेत. कोलोराडोत १ जानेवारी २०१४ पासून परवानाधारक दुकानांत गांजा विकला जातो, परंतु संघराज्याच्या कायद्यात तो आजही बेकायदा आहे, आणि गांजायुक्त चॉकलेट वा गोळ्यांचे पाकीट घेऊन शेजारच्या नेब्रास्का किंवा कॅन्झसमध्ये शिरणे हा गुन्हा आहे. नागरिकाचे जेथे दंडावर भागते, तेथे परदेशी व्यक्तीवर हद्दपारीची पाळी येऊ शकते. अमली पदार्थविषयक दोषसिद्धीला स्थलांतर कायद्यात स्वतःच्या वापरासाठी एकदाच बाळगलेल्या ३० ग्रॅमपर्यंतच्या गांजाचा तेवढा अपवाद आहे. टेक्सासमध्ये दहा क्रमांकाच्या इंटरस्टेटवरील सिएरा ब्लांका येथील नाका स्थलांतर तपासणीचा आहे, म्हणून तो वैध आहे, पण तेथे कुत्रेही असतात, आणि विख्यात गायक विली नेल्सन यांच्या बसमध्ये २०१० साली गांजा सापडला तो याच नाक्यावर.

भारतात हा विषय १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतो. या कायद्यानुसारही वाहन थांबवून झडती घेण्यासाठी अधिकाऱ्यापाशी संशयाचे कारण असावे लागते, मात्र एका बाबतीत भारतीय कायदा अमेरिकेच्या पुढे गेला आहे. कलम ५० नुसार अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती होण्याचा हक्क त्या व्यक्तीला आहे, आणि तो हक्क तिला सांगणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ साली बलदेव सिंग खटल्यात ठरवले व २०१० साली दुसऱ्या घटनापीठाने त्याचे काटेकोर पालन आवश्यक मानले. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी, हेही त्याच कलमात आहे. परंतु २००५ च्या निर्णयानुसार हे संरक्षण अंगझडतीपुरतेच आहे. हातातली पिशवी त्यात येत नाही, मग डिकीतली बॅग तर दूरच राहिली. त्रास देण्याच्या हेतूने, विनाकारण झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ५८ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. ही दंडाची रक्कम आजच्या काळात कोणालाही जरब बसवण्याजोगी नाही आणि ती वाढवण्याची गरज आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण बंधनकारक केले, हा मोठा बदल आहे. मात्र पाकीट हाती लागल्यावर सुरू केलेल्या चित्रणात ते पाकीट कोठून व कसे निघाले हे दिसत नाही, आणि गाडी कोणत्या कारणाने थांबवली हे तर मुळीच कळत नाही. म्हणून महामार्गावरील नाकाबंदीत हे चित्रण गाडीला हात दाखवला त्या क्षणापासून सुरू करण्याचा नियम राज्यांच्या पोलीस दलांनी करणे आवश्यक आहे.