कानाच्या मापाचं बटण



उज्जैनला नानाखेडा बसस्टँडजवळ आमच्या गल्लीत गणपती बसतो. मराठी घरं मोजकीच, पण आरतीला माळवी शेजारीही टाळ्यांचा ठेका धरतात. एका वर्षी मंडपासाठी मी घरीच ॲम्प्लिफायर जोडला, एलए ४४४० आयसीचा. पहिल्याच आरतीला बटण जरासं फिरवलं आणि भोंगा असा ओरडला की निरांजन धरलेल्या काकू दचकल्या! पुढचं वळण नुसतं शोभेचं. फिरवत राहा, फरक म्हणून जाणवेना.

आयसी बिचारी निर्दोष. घोटाळा माझ्या खरेदीत होता. दुकानदारानं विचारलं होतं, "सौ के का वॉल्यूम, ए या बी?" मी म्हटलं, कोई भी दे दो. त्यानं बी दिला, म्हणजे लिनियर पॉट, बटणामागचा बदलता रेझिस्टर. त्यात अर्ध्या वळणावर निम्मं व्होल्टेज मिळतं. मीटर खूश, पण कानाचा हिशेब निराळा. आवाज दुप्पट जाणवायला साधारण दहापट पॉवर लागते, म्हणजे १० डेसिबल. निम्मं व्होल्टेज हे पुऱ्या आवाजापेक्षा जेमतेम ६ डेसिबल कमी. त्यामुळे सगळी चढण सुरुवातीलाच संपते. ए, म्हणजे लॉग पॉट, मध्यावर १०-१५ टक्केच व्होल्टेज पुढे सोडतो.

शेजाऱ्यानं सुचवलं, पॉट सरळ स्पीकरच्या तारेत घाला. नको रे बाबा! कार्बनचा तो नाजूक पट्टा जळून धूर निघाला असता. त्याची जागा ॲम्प्लिफायरच्या आधी.

मी पॉटच्या मधल्या पायापासून ग्राउंडपर्यंत १० के चा रेझिस्टर डाग देऊन जोडला. मध्यावर पॉटचे खालचे ५० के आणि हे १० के समांतर येऊन ८.३ के होतात; वरचे ५० के तसेच. म्हणजे व्होल्टेजचा सातवा हिस्सा. अगदी लॉग नव्हे, पण आरतीपुरता झकास. पूर्ण आवाजाला, ॲम्प्लिफायरला जोडलेल्या मोबाइलवर सुमारे ९ के चा भार येतो, तो त्याला जड नाही. जुन्या रेकॉर्ड प्लेअरचा क्रिस्टल पिकअप असता तर मात्र खर्जच गेला असता.

थोडी खरखर उरली होती. अशा वेळी लोक पॉटमध्ये तेल सोडतात. मी आधी मीटर लावला. पॉटवर डीसी येत होता. १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मध्ये घातला, खरखर थांबली.

विसर्जनापर्यंत ते बटण काकूंच्याच ताब्यात होतं.